एक पाय बांधलेला, एक पाय मोकळा
स्नोबोर्ड घेऊन लिफ्टवर बसणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

काश्मीर म्हटले की आपल्या घरांत पूर्वी डल सरोवर, शिकारा, केशर आणि शाल एवढ्याच गोष्टींची नावे निघत. आता त्यांत एकीची भर पडली आहे. हिवाळ्यात काश्मीरला जाऊन आलेल्या कुटुंबाचे फोटो पाहिले तर गुलमर्गचा बर्फ, भाड्याने घेतलेली रंगीत जॅकेटे आणि एखाद्या मुलाच्या पायाखाली एक लांबट फळी दिसते. ती फळी म्हणजे स्नोबोर्ड. कॉलेजात जाणारी आपली मुले-मुली तर आता केवळ फोटोसाठी नव्हे, हा खेळ शिकण्यासाठीच आठ-दहा दिवस गुलमर्गला राहतात. भारत सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था तिथे आहे, आणि २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही तिथे होत आल्या आहेत. तेव्हा हा खेळ आता परक्यांचा राहिलेला नाही.

मूल या खेळाला निघाले की आईवडिलांच्या मनात एकच भीती असते: उतारावरून घसरताना पडेल, हातपाय मोडेल. भीती खोटी नाही. पण घसरण्याआधी वर चढावे लागते आणि चढण्यासाठी लिफ्टवर बसावे लागते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. लिफ्ट म्हणजे बसून आराम करण्याची जागा, असे आपण धरून चालतो. नवशिक्यांच्या उताराजवळ तासभर उभे राहून पाहिले तर वेगळेच दिसते. बिचारा नवशिका उतारावर पडतो तेव्हा तो एकटा पडतो आणि हळू पडतो. लिफ्टपाशी पडतो तेव्हा मागून खुर्ची येत असते, शेजारी दुसरे कोणी असते आणि पायाला चार-पाच किलोचे ओझे बांधलेले असते. म्हणून या लेखात आम्ही घसरण्याबद्दल नव्हे, फक्त लिफ्टबद्दल लिहीत आहोत.

स्की आणि स्नोबोर्ड यांतला फरक

स्कीच्या खेळात प्रत्येक पायाला वेगळी पट्टी असते, तोंड पुढे असते आणि दोन्ही हातांत काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात आणि हातात काहीच नसते. १९६५ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शर्मन पोपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींना खेळण्यासाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी बनवली. तिला ‘स्नर्फर’ असे नाव पडले. आजच्या स्नोबोर्डची सुरुवात तिथून झाली. १९९८ मध्ये जपानच्या नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाला पहिल्यांदा स्थान मिळाले.

लिफ्ट त्याच्या कितीतरी आधीच्या. माणसाला उभ्याउभ्या ओढून नेणारी लिफ्ट अर्न्स्ट कॉन्स्टाम या अभियंत्याने स्वित्झर्लंडमधील दावोस येथे १९३४ साली चालू केली. खुर्च्यांची पहिली लिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे सुरू झाली. ती सुचवणारा जेम्स करन हा रेल्वे कंपनीतील अभियंता. जहाजात केळीचे घड चढवण्यासाठी आकडे लावलेली फिरती यंत्रणा त्याने पूर्वी पाहिली होती. केळीच्या जागी माणूस आणि आकड्याच्या जागी खुर्ची, एवढाच त्याने बदल केला.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की या लिफ्ट मुळात स्कीवाल्यांसाठी बनल्या आहेत. तोंड पुढे आणि दोन्ही पाय सुटे असलेल्या माणसाला त्या सोयीच्या पडतात. आडवा उभा राहणारा स्नोबोर्डवाला तिथे मागाहून आलेला पाहुणा आहे. त्यामुळे स्कीवाल्या मित्राचे पाहून तसेच करायला गेले तर जमत नाही. स्नोबोर्डवाल्याची रीत वेगळी शिकावी लागते.

लिफ्ट तीन प्रकारच्या

पहिली गंडोला, म्हणजे तारेवरून जाणारी बंद डबी. रायगडाचा रोपवे ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती चटकन कळेल. गुलमर्गच्या गंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गहून कोंगडोरीला नेतो. ती जागा तीन हजार मीटरच्या वर आहे. दुसरा टप्पा कोंगडोरीहून अफरवटच्या डोंगरावर, चार हजार मीटरच्या जवळपास नेतो. पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला.

दुसरी चेअरलिफ्ट, म्हणजे तारेला टांगलेली उघडी खुर्ची. रहाटाला लावलेले पोहरे जसे एकामागून एक येतात, भरतात आणि पुढे जातात, तशा या खुर्च्या येत राहतात. गुलमर्गला कोंगडोरीहून मेरीज शोल्डरकडे जाणारी चेअरलिफ्ट आहे. उत्तराखंडमधील औलीलाही चेअरलिफ्ट आहे.

तिसरी ओढणारी लिफ्ट, तिला ड्रॅग लिफ्ट म्हणतात. यात बसायचे नसते. बोर्ड बर्फावरच राहतो आणि वरून लोंबणारी दांडी आपल्याला ओढत नेते. गुलमर्गच्या मैदानातील नवशिक्यांच्या उतारांवर हीच असते.

तिघींचे नियम वेगळे आहेत. पण रांगेत उभे राहण्याआधीची तयारी बहुतेक सारखीच.

रांगेत उभे राहण्याआधी

चेअरलिफ्ट आणि ड्रॅग लिफ्टसाठी पुढचा पाय बोर्डला बांधलेला आणि मागचा पाय मोकळा ठेवायचा असतो. मोकळ्या पायाने बर्फ मागे ढकलत पुढे सरकायचे, लहान मुले एका पायाची स्कूटर चालवतात तसे. सरकायला लागले की मोकळा पाय उचलून बोर्डवर, दोन बाइंडिंगच्या मध्ये ठेवायचा आणि तसेच थोडे अंतर घसरत जायचे. बाइंडिंग म्हणजे ज्यात बूट बसवून पट्टे आवळतात ते खोगीर. तिथे पाय निसटू नये म्हणून बोर्डवर खरखरीत रबराचा तुकडा चिकटवलेला असतो. नसेल तर भाड्याने देणाऱ्याकडे तसा बोर्ड मागावा.

हे एका पायाचे सरकणे म्हणजे लिफ्टचा पहिला धडा. सपाट जागेवर वीस-पंचवीस वेळा हे नीट करता आले, सरळ जाता आले आणि थांबता आले, तरच लिफ्टकडे वळावे. कारण वर पोहोचल्यावर खुर्चीतून उतरून याच एका पायावर उतार पार करायचा असतो. पुष्कळ मुले पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात, उतरायचे कसे हे माहीत नसताना वर जातात. पोहायला न शिकता विहिरीत उडी टाकण्यासारखेच ते.

मागच्या बाइंडिंगची पाठ उभी असते, ती बोर्डवर आडवी पाडून ठेवावी आणि मोकळे पट्टे आत दुमडावेत. उभ्या पाठीत मोकळा पाय अडकतो. बोर्डला पायाशी जोडणारी दोरी असेल तर ती लावावी. बोर्ड बर्फावर सोडायची वेळ आली तर उलटा, म्हणजे बाइंडिंग खाली करून ठेवावा. सुलटा ठेवलेला बोर्ड उतारावरून सुटला तर खाली उभ्या असलेल्या माणसाचा पाय मोडू शकतो.

आता कपडे. लिफ्टला अडकेल असे काहीही लोंबते ठेवू नये. मफलरचे टोक, जॅकेटच्या नाड्या, गळ्यातली मोबाईलची दोरी, बॅगेचे मोकळे पट्टे, सगळे आत खोचावे. पाठीवरची बॅग उतरवून छातीशी धरावी. पाठीवर राहिली तर खुर्चीत टेकून बसता येत नाही आणि उतरताना तिचा पट्टा खुर्चीत अडकून माणूस फरफटत जाण्याचा धोका असतो.

आपल्या मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ओढणी बर्फावर नकोच. सरकत्या जिन्यात ओढणी अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो, इथेही प्रकार तोच. हिजाब असेल तर टोपीसारखा शिवलेला, अंगाबरोबर बसणारा असावा. त्याची टोके जॅकेटच्या आत जावीत आणि वरून हेल्मेट नीट बसावे. टाचण्या लावू नयेत. हेल्मेटखाली पडताना त्या टोचतात. पायघोळ अबाया किंवा लांब कोट बोर्डखाली येतो आणि खुर्चीतही अडकतो. त्याऐवजी सैल बर्फाची पँट आणि मांडीपर्यंतचे सैल जॅकेट घेतले तर पडदाही राहतो आणि पायही मोकळे राहतात. यामुळे मुलीला खेळापासून मागे राहण्याची गरज नाही.

हेल्मेट हवेच. मनगटावर घालायचे संरक्षक पट्टे मिळाले तर तेही घ्यावेत. स्नोबोर्डवर पडताना माणूस हात पसरून टेकतो आणि नवशिक्यांत मनगटाचे हाड मोडण्याचे प्रकार बरेच होतात. पडताना मूठ मिटून, हात छातीशी घेऊन पडायची सवय लावावी.

खुर्चीत बसताना

रांगेत असतानाच पुढच्या चार-पाच जणांकडे नीट पाहावे. ते कुठे उभे राहतात, खुर्ची कोणत्या बाजूने वळते, कामगार कुठे उभा आहे. काही चेअरलिफ्टमध्ये खुर्ची स्थानकात आल्यावर मुख्य तारेवरून सुटते आणि अगदी हळू होते. काहींमध्ये ती तारेला कायमची पकडलेली असते. अशी खुर्ची साधारणपणे सेकंदाला दोन ते अडीच मीटर वेगाने येते, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षाही जलद. अशा वेळी गोंधळायला फुरसत मिळत नाही.

आपल्या पुढची खुर्ची निघून गेली की लगेच पुढे सरकून ‘इथे उभे राहा’ अशी खूण असेल तिथे यावे. बोर्ड सरळ, लिफ्टच्या दिशेने ठेवावा. आडवा ठेवला तर शेजाऱ्याच्या बोर्डवर चढतो. मान वळवून मागे पाहावे, खुर्ची जवळ आली की एका हाताने तिची कड किंवा दांडा धरावा आणि ती गुडघ्यामागे टेकली की मागे सरून पुरते बसावे. खुर्चीच्या टोकावर बसू नये. बसताना बोर्डचे नाक थोडे वर उचलावे, नाहीतर ते बर्फात रुतते आणि पाय पिळवटतो. स्कीचे बाइंडिंग जोराचा झटका बसला की आपोआप सुटते. स्नोबोर्डचे तसे सुटत नाही. हा फरक लक्षात ठेवावा.

शेजारीही बोर्डवाला असेल तर कोणाचा कोणता पाय पुढे आहे ते रांगेतच एकमेकांना विचारून घ्यावे. मग कोणाचा बोर्ड कुठे वळणार याचा अंदाज येतो. पहिल्या दोन-तीन वेळा दोन नवशिक्यांनी एकत्र न बसता एका जाणत्या माणसाबरोबर बसावे.

आणि बसणे चुकलेच तर? खुर्ची अजून जमिनीलगत असेल तर तिला लोंबकळू नये. हात सोडून बर्फावर पडावे, डोके खाली ठेवावे आणि कामगार सांगेल त्या बाजूला सरपटत जावे. लोंबकळणारा माणूस क्षणाक्षणाला उंच जात असतो. जी पडझड हातभर उंचीवरून झाली असती ती मग पुरुषभर उंचीवरून होते. काय गेले? एक खुर्ची. मागे दुसरी येतेच आहे.

वर जाताना

बसल्याबरोबर ‘दांडा खाली घेतो’ असे मोठ्याने सांगून समोरचा दांडा खाली घ्यावा, म्हणजे कोणाच्या डोक्याला लागणार नाही. पाय टेकायला पट्टी असेल तर बोर्ड तिच्यावर टेकवावा. नसेल तर मोकळ्या पायाचा चवडा बोर्डच्या कडेखाली घालून त्याला आधार द्यावा. चार-पाच किलोचे वजन एकाच गुडघ्यावर दहा मिनिटे लोंबत राहिले तर वर पोहोचेपर्यंत तो गुडघा कुरकुरू लागतो.

खुर्ची हलवू नये. मागे वळून फोटो काढू नये. मोबाईल चेन असलेल्या खिशात ठेवावा. हातमोजा खाली पडला तर पडू द्यावा, त्याच्यासाठी वाकू नये.

लिफ्ट मध्येच थांबते. घाबरायचे कारण नसते. बहुतेक वेळा वर किंवा खाली कोणीतरी पडलेले असते आणि त्याला उठवण्यासाठी कामगाराने ती मुद्दाम थांबवलेली असते. अशा वेळी दांडा खालीच ठेवून शांत बसावे. ‘बर्फ मऊ आहे, उडी मारू’ हा विचार मनात आला तरी तो बोलूनही दाखवू नये, शेजारच्या लहान मुलाला तो पटू शकतो. लिफ्ट जास्त वेळ बंद राहिली तर माणसांना दोरीने खाली उतरवण्याची व्यवस्था असते. वाट पाहावी.

उतरताना

नवशिके सर्वांत जास्त पडतात ते इथे. वरचे स्थानक दिसू लागले की दांडा उचलण्याची पाटी येते. तिच्या आधी नाही आणि फार नंतरही नाही, पाटीजवळच दांडा वर करावा. बॅग आणि पट्टे पुन्हा एकदा पाहावेत. कंबर थोडी वळवून बोर्ड सरळ पुढच्या दिशेला आणावा आणि त्याचे नाक वर ठेवावे.

बोर्ड बर्फाला टेकला की मोकळा पाय त्या खरखरीत रबरावर, मागच्या बाइंडिंगला चिकटवून ठेवावा. मग उभे राहावे. खुर्चीच मागून हलकासा धक्का देते. आपण स्वतःला ढकलायचे नाही आणि शेजाऱ्यालाही धरायचे नाही. गुडघे थोडे वाकलेले, नजर पायाकडे नव्हे तर जिथे जायचे तिकडे. वळायचा प्रयत्न न करता सरळ जावे आणि वेग आपोआप कमी झाला की थांबावे. शेजाऱ्याला डावीकडे जायचे आहे की उजवीकडे, हे दांडा उचलण्याआधी विचारून ठेवले तर दोघांची टक्कर होत नाही.

उतरल्यावर तिथेच बसून मागचा पाय बांधू नये. मागच्या खुर्चीतले लोक थेट अंगावर येतात. आधी बाजूला, मोकळ्या जागी जावे, मग निवांत पट्टे बांधावेत.

पडलो तर उठायची घाई करू नये, कारण उभे राहणाऱ्याच्या डोक्याला पुढची खुर्ची लागू शकते. वाकलेले राहून, हातांवर सरपटत बाजूला व्हावे. कामगाराला वाटले तर तो लिफ्ट थांबवतोच.

उतरायचेच राहून गेले तर? खुर्ची वळू लागल्यावर उडी मारू नये. बसून राहावे आणि हात वर करून ओरडावे. लिफ्टच्या टोकाला अशा माणसासाठी आपोआप बंद होण्याची सोय केलेली असते आणि कामगारही ती थांबवतो.

ओढणाऱ्या लिफ्टवर

ड्रॅग लिफ्टच्या दांडीला खाली गोल थाळी किंवा उलट्या ‘टी’ सारखी आडवी दांडी असते. स्कीवाला ती पाठीमागे, कमरेखाली घेतो. स्नोबोर्डवाल्याने ती दोन मांड्यांच्या मध्ये घालून पुढच्या मांडीच्या मागे अडकवायची असते. लिफ्ट पुढच्या मांडीला ओढते आणि आपण तिच्यामागे सरकत जातो.

सगळ्यांत मोठा मोह म्हणजे तिच्यावर बसण्याचा. ती बसायची जागा नाही, बसला की माणूस खाली. गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर, मोकळा पाय रबरावर आणि एक हात दांडीवर. सुरू होताना झटका बसतो, तेव्हा अंग ताठ करू नये. बोर्ड आधीच्या लोकांनी पाडलेल्या चाकोरीतच सरळ ठेवावा, डावी-उजवीकडे झुलत जाऊ नये.

मध्ये पडलो तर दांडी ताबडतोब सोडावी. पुष्कळ जण ती धरून ठेवतात आणि चाकोरीतून फरफटत जातात. सोडावी, लोळून बाजूला व्हावे, कारण मागून दुसरा माणूस येत असतो. वर पोहोचल्यावर सपाट जागेवर दांडी मांड्यांतून काढून हळूच सोडावी आणि बाजूला व्हावे. फेकू नये, ती झोका घेऊन मागच्याच्या तोंडावर जाते.

गंडोलात

गंडोलात दोन्ही पाय बोर्डमधून सोडवायचे असतात. बोर्ड काढून, त्याच्या कडा पुसून, उभा धरून चालावे. आडवा खांद्यावर घेऊन रांगेत वळले की मागच्या माणसाच्या कानाला लागतो. बोर्ड बाहेरच्या खाचेत ठेवायचा की आत घ्यायचा, हे कामगार सांगेल तसे करावे. डबी स्थानकात हळू होते, पण पूर्ण थांबेलच असे नाही. दारे आपोआप मिटतात, त्यांत हात किंवा बोर्ड घालून ती अडवू नयेत. एकामागून एक चढावे, आत दारापासून दूर बसावे, दाराला टेकू नये.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लिफ्ट नवशिक्याला आणि उस्तादाला सारख्याच सहजपणे वर नेते. दुसऱ्या टप्प्यावर अफरवटला जे उतार आहेत ते यंत्राने सारखे केलेले नाहीत. तिथे हवा विरळ असते आणि ताज्या बर्फानंतर हिमस्खलनाचा धोका असतो. पट्टीचे खेळाडूही तिथे जाणकार सोबतीशिवाय जात नाहीत. गंडोलाने वर गेलेला माणूस गंडोलानेच परत येऊ शकतो. चार दिवस शिकलेल्या मुलाने बोर्ड घेऊन दुसऱ्या टप्प्यावर जाण्याचा हट्ट धरला तर आईवडिलांनी नाही म्हणावे आणि त्यावर ठाम राहावे.

वारा आणि बंद लिफ्ट

वारा वाढला की लिफ्ट बंद करतात. रांगेत तासभर उभ्या असलेल्या प्रवाशांचा मग पारा चढतो. तिकीट काढले आहे, उद्या परतीचे विमान आहे, मुलांना काय सांगायचे? असा राग आला की २५ जून २०१७ आठवावा. त्या दिवशी गुलमर्गला जोराच्या वाऱ्यात एक झाड उन्मळून गंडोलाच्या तारेवर पडले, डबी खाली कोसळली आणि सात जण गेले. त्यांत दिल्लीच्या एकाच कुटुंबातले आईवडील आणि त्यांच्या दोन मुली होत्या. बाकीचे तिघे स्थानिक काश्मिरी होते. हिवाळाही नव्हता, स्नोबोर्डही नव्हता; होता तो फक्त वारा. बंद असलेल्या लिफ्टसमोर कामगाराशी हुज्जत घालताना एवढे स्मरणात असावे. तो आपला दिवस बिघडवत नसतो, आपल्याला सुखरूप घरी पाठवत असतो.

लहान मुले असतील तर

लहान मुलाला लिफ्टवर एकटे बसवू नये. प्रत्येक मुलाच्या शेजारी एक मोठे माणूस असावे. दोघे भाऊ-बहीण शेजारी आणि मोठा माणूस टोकाला, असे बसू नये. मुलाला बसवायला कामगाराची मदत मागावी आणि तो ज्या बाजूला उभा असेल त्या बाजूच्या जागेवर मूल बसवावे. मुलाची पाठ खुर्चीला पूर्ण टेकली आहे आणि दांडा खाली आहे, हे मोठ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आपण ज्यात स्वतः नवखे आहोत त्यात मुलाची जबाबदारी घेऊ नये. अशा वेळी मूल प्रशिक्षकाच्या शेजारी बसवणेच बरे.

शाळेत आम्ही नेहमी पाहतो. ज्याला गणित कळलेले नसते तो मुलगा हात वर करत नाही, मान डोलावतो. विचारले तर हसतील, ही भीती त्याला गप्प बसवते. लिफ्टच्या रांगेत हाच मुलगा वीस वर्षांचा होऊन उभा असतो, आणि कधीकधी त्याचे अब्बूही. मागे रांग लांब आहे, सगळे पाहत आहेत, आता थांबा म्हणायचे तरी कसे? म्हणून तो न समजताच पुढे सरकतो. आम्हाला वाटते, लिफ्टपाशी होणाऱ्या पडझडीत बर्फाइतकाच या संकोचाचाही हात असतो.

लिफ्टवरच्या कामगाराचे कामच ती हळू करण्याचे आणि थांबवण्याचे आहे. गुलमर्गचे हे कामगार काश्मिरी, उर्दू जाणणारे, आणि आपल्या बहुतेक घरांत उर्दू बोलली जाते किंवा निदान समजते. तेव्हा भाषेचीही अडचण नाही. “भाईजान, पहली बार बैठ रहे हैं, जरा आहिस्ता कीजिए,” एवढे एक वाक्य पुरते. ते म्हणायला लाजू नये. आपल्या मागे उभे असलेले लोक दोन मिनिटे थांबले तर त्यांचे काही बिघडत नाही. वर उतरल्यावर त्याच कामगाराच्या सोबत्याला शुक्रिया म्हणायलाही विसरू नये. दिवसभर बर्फात उभे राहून शेकडो अनोळखी माणसांचे पाय सांभाळणारा तो माणूस आहे.

या हिवाळ्यात कोणाचे मूल गुलमर्गला निघाले असेल तर बॅग भरताना हातमोजे आणि लोकरी मोज्यांबरोबर त्याला तीन गोष्टी जरूर सांगाव्यात: आधी सपाट जागेवर एका पायाने सरकायला शीक, अंगावर काही लोंबते ठेवू नकोस, आणि समजले नाही तर थांबून विचार. उतारावरचे बाकीचे धडे त्याचा प्रशिक्षक शिकवील.